पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे ६२ लाख मिळणार आहेत. त्यातून दरमहा ३० हजारांची खात्रीची सोय कशी करावी?

तुमची माहिती अशी: नाशिकला अंबड एमआयडीसीत जुलै १९९६ पासून नोकरी, जुलै २०२६ ला ५८ पूर्ण, पीएफ ५२ लाख, ग्रॅच्युइटी १० लाख, सिडकोत स्वतःचं घर, कर्ज नाही, पत्नी ५४ वर्षांच्या. पेन्शन ६,८५७ रुपये बसेल असं तुम्ही धरलंय. आधी तो आकडा दुरुस्त करू, कारण पुढचा सगळा हिशोब त्यावर उभा आहे.

१५,००० गुणिले ३२ वर्षं (३० अधिक लांब सेवेबद्दल मिळणारी बोनसची २) भागिले ७० हे सूत्र बरोबर आहे, पण पेन्शनसाठी धरायच्या पगाराची १५ हजारांची मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासूनची. त्याआधीच्या सेवेला ६,५०० रुपयेच धरतात. तुमची त्याआधीची सेवा साधारण १८ वर्षं, म्हणजे १,६७१ रुपये. नंतरची १२ वर्षं, म्हणजे २,५७१. बोनसच्या दोन वर्षांचे थोडे मिळवले की पेन्शन साडेचार हजारांच्या आसपास येते. मूळ पगार ५८ हजार असला तरी मालकाच्या हिश्शातून पेन्शन फंडात महिन्याला १,२५० रुपयेच जात होते, म्हणून ती इतकी कमी. ही पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही, आणि तुमच्यामागे पत्नीला निम्मी मिळते.

पेन्शन ६० पर्यंत लांबवली तर दरवर्षी ४ टक्के वाढते, असं कोणीतरी सांगेलच. दोन वर्षांचे १ लाख ८ हजार सोडून महिन्याला साधारण ३६५ रुपये जास्त मिळणार, ते भरून निघायला चोवीस वर्षं लागतील. ५८ लाच सुरू करा.

आता पैशांची मांडणी. ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, पोस्टात किंवा बँकेत. सध्याचा दर ८.२ टक्के, म्हणजे दर तिमाहीला ६१,५०० रुपये, महिन्याला २०,५०० पडतात. खातं उघडता त्या दिवशीचा दर पाच वर्षं कायम राहतो. साठीच्या आत हे खातं फक्त निवृत्तीच्या पैशातून उघडता येतं, तेही पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत. इथे लोक हमखास चुकतात: पैसा बचत खात्यात पडून राहतो, मुदत जाते आणि साठीपर्यंत थांबावं लागतं. कंपनीकडून निवृत्तीचं कारण, तारीख आणि मिळालेल्या रकमा लिहिलेलं पत्र शेवटच्या दिवशीच घ्या. खातं पत्नीसह संयुक्त उघडा.

९ लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत, ७.४ टक्क्यांनी महिन्याला ५,५५०. हेही दोघांच्या नावावर. पेन्शन, तिमाही व्याज आणि हे मिळून ३०,५५० होतात.

इथे बहुतेकांना वाटतं की काम झालं. पण हे तिन्ही आकडे गोठलेले आहेत. खर्च वर्षाला ६ टक्क्यांनी वाढला तर पाचव्या वर्षी ३७,९०० लागतील आणि बाराव्या वर्षाच्या शेवटी साठ हजार. उरलेले २३ लाख या फरकासाठी आहेत, त्यातून आज एक रुपयाही खर्चाला घेऊ नका. पहिल्या पाच वर्षांची एकूण तूट साधारण २ लाख येते. त्यासाठी एकूण ३ लाख विभागून एक, दोन, तीन, चार वर्षांच्या वेगवेगळ्या एफडी करा, म्हणजे दरवर्षी एक सुटेल. ४ लाख दवाखान्यासाठी, लगेच मोडता येईल अशा ठेवीत. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम निवृत्तीबरोबर संपतो, तेव्हा स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या. राहिलेल्या १६ लाखांपैकी ६ लाख राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रात, पाच वर्षांनी सुटतील. १० लाख इंडेक्स (शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या) किंवा हायब्रिड (शेअर आणि रोखे मिळून) म्युच्युअल फंडात, पण एकदम न घालता वर्ष-दीड वर्षात हप्त्यांनी, आणि किमान सात वर्षं न काढण्याच्या तयारीने. शेअर बाजाराची भीती रास्त आहे. पण सगळं व्याजावर ठेवलं तर सत्तरीनंतर हात आखडता घ्यावा लागेल, आणि औषधांचा खर्च नेमका तेव्हाच वाढतो.

विमा कंपनीची आयुष्यभराची पेन्शन आत्ता घेऊ नका. दर मरेपर्यंत तोच राहतो आणि पैसा परत काढणं अवघड होतं. सत्तरीत वयामुळे तोच पैसा जास्त पेन्शन देतो, तेव्हा थोड्या रकमेचा विचार करा. जादा व्याज देणाऱ्या पतसंस्थेत तर निवृत्तीचा पैसा अजिबात नको. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकेतल्यासुद्धा, ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेला ते लागू नाही.

कागदपत्रं आजपासूनच बघा. आधार, पॅन आणि यूएएनमध्ये (पीएफच्या कायमच्या क्रमांकावर) नाव व जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळते का? आधी दुसऱ्या कंपनीत होता तर तो जुना पीएफ क्रमांक यात वर्ग झालाय का? नसेल तर ती वर्षं पेन्शनच्या हिशोबात येत नाहीत. नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने पोर्टलवर टाकली नाही की दावा अडकतो. पीएफसाठी फॉर्म १९, पेन्शनसाठी १०-डी, आणि १०-डीला पत्नीसोबतचा फोटो लागतो. कागद अडला तर सातपूरच्या भविष्य निधी कार्यालयात जा. दर महिन्याच्या २७ तारखेला 'निधी आपके निकट' शिबिरही भरतं, तिथे तक्रार समोरासमोर मांडता येते.

पेन्शन सुरू झाल्यावर हयातीचा दाखला दर बारा महिन्यांनी द्यावा लागतो. मोबाइलवर चेहरा दाखवून तो घरूनही देता येतो. राहिला तर पेन्शन थांबते.