लॉबिंगचे फायदे-तोटे काय?

लॉबिंग म्हणजे कायदे-नियम आपल्या सोयीचे व्हावेत म्हणून नेत्यांना भेटून पटवणं, ती सरसकट लाचखोरी नाही हो. खासदाराला औषधांच्या पेटंटपासून मासेमारीपर्यंत सगळं कुठून कळणार, मग त्या धंद्यातली माणसं किंवा पेशंटांच्या संघटना येऊन सांगतात की या कलमातला एवढा एक शब्द बदला नाहीतर आमची वाट लागेल, आणि बरेचदा ते खरंही असतं. घोळ आहे तो पैशाचा. ज्याला फुलटाइम माणसं ठेवायची ऐपत त्याचंच ऐकलं जातं, बाकीचे ईमेल टाकून बसतात. वर आज नियम बनवणारा उद्या त्याच कंपनीत नोकरीला! बंदी घालण्यापेक्षा सगळं उघड असलेलं बरं असं माझं मत, पण अमेरिकेत १९९५ च्या कायद्यानुसार लॉबिस्टला नोंदणी सक्तीची असूनही जॅक अब्रामॉफ नावाचा लॉबिस्ट नेत्यांना स्कॉटलंडला गोल्फ खेळायला नेतच होता, २००६ मध्ये त्याने गुन्हे कबूल केले.