वाचकांचे प्रश्न : गोठवलेल्या स्त्रीबीजांचे यश कशावर ठरते?

प्रश्न : माझे वय ४२ आणि यजमानांचे ४६. लग्नाला चौदा वर्षे झाली. स्वतःच्या बीजांवर दोनदा आयव्हीएफ केले, पण दोन्ही वेळा भ्रूण नीट वाढले नाहीत. आता एएमएच (अंडाशयात किती बीजे शिल्लक आहेत याचा अंदाज देणारी रक्तचाचणी) ०.३ वर आल्यामुळे डॉक्टरांनी दात्रीचे बीज घेण्याचा सल्ला दिला आहे आणि स्त्रीबीज बँकेतून गोठवलेली बीजे येतील असे सांगितले आहे. माझ्या जाऊबाई म्हणतात, "ताजे ते ताजे, शिळे ते शिळे, एवढा पैसा घालायचा तर ताजेच मागा." दुसऱ्या एका केंद्राने सत्तर टक्के यश सांगितले. मला २६व्या वर्षी गर्भाशयाचा क्षय झाला होता, त्याची औषधे पूर्ण घेतली होती. मागच्या वेळी गर्भाशयाचे अस्तर ६ मिलिमीटरच्या वर गेले नाही. यजमानांना तंबाखूची सवय आहे. यश नेमके कशावर ठरते? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : आपल्या जाऊबाईंची काळजी समजण्यासारखी आहे, परंतु बीजाच्या बाबतीत शिळे हा शब्द लागू होत नाही. स्त्रीबीज ही मानवी शरीरातील सर्वांत मोठी पेशी, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी आणि पाण्याने भरलेली. पूर्वी ती सावकाश गोठवत, तेव्हा आतल्या पाण्याचे बर्फाचे कण होऊन पेशी फाटत असे. आताच्या झटपट गोठवण्याच्या पद्धतीत, म्हणजे व्हिट्रिफिकेशनमध्ये, दाट द्रावणाने आधी पेशीतले पाणी कमी केले जाते आणि मग ती उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये इतक्या झटकन बुडवली जाते की बर्फ धरायला वेळच मिळत नाही. त्या अवस्थेत बीजाचे वय थांबते. दात्री २५ वर्षांची असताना काढलेले बीज चार वर्षांनी वापरले, तरी ते २५ वर्षांच्या स्त्रीचेच बीज असते. या तंत्रावरचा 'प्रायोगिक' हा शिक्का अमेरिकेतील प्रजननवैद्यकाच्या संस्थेने २०१२ मध्ये काढला. स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे सुमारे ६०० स्त्रियांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत ताज्या आणि गोठवलेल्या दातृबीजांच्या यशात फरक आढळला नाही.

असे असले तरी अमेरिकेतील २०१३ च्या नोंदींमध्ये ताज्या दातृबीजांनी सुरू केलेल्या उपचारांपैकी सुमारे ५० टक्क्यांत, तर गोठवलेल्या बीजांच्या उपचारांपैकी सुमारे ४३ टक्क्यांत मूल जन्मले होते. माझ्या मते या फरकाचे एक मोठे कारण बीजांच्या संख्येत आहे. ताज्या उपचारात दात्रीची सगळी बीजे एकाच जोडप्याला मिळत, बँकेकडून मात्र मोजकीच येत. भारतात सहायक प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या कायद्याने हा हिशेब वेगळा केला आहे. दात्रीचे वय २३ ते ३५ असले पाहिजे, तिने आयुष्यात एकदाच दान करावे, तिच्याकडून सातपेक्षा अधिक बीजे काढू नयेत आणि एका दात्रीची बीजे एकाच जोडप्याला द्यावीत, असे बंधन आहे. म्हणजे आपल्याला फार तर सात बीजे मिळणार. चांगल्या प्रयोगशाळेत त्यांतली सहा तग धरतील, चार-पाच फलित होतील आणि पाचव्या दिवसापर्यंत, म्हणजे ब्लास्टोसिस्ट अवस्थेपर्यंत, दोनच्या आसपास पोहोचतील. हा सरासरीचा अंदाज आहे. एखादीला तीन मिळतात, तर एखादीला एकही मिळत नाही. त्यामुळे बँकेला 'बीजे किती' एवढेच विचारू नका, 'त्यांतली परिपक्व किती' हे विचारा. अपरिपक्व बीज मोजणीत धरले जाते, उपयोगी मात्र पडत नाही. कोणी चोरून अधिक बीजे मिळवून देतो म्हणाले, तर कृपया नकार द्या. ती इंजेक्शने सोसणारी, अंडाशय सुजण्याचा धोका पत्करणारी मुलगीही कोणाच्या तरी घरची आहे, आणि कायद्याने ही मर्यादा तिच्यासाठीच घातली आहे.

बीज वितळवण्याचा क्षण मी अनेकदा सूक्ष्मदर्शकातून पाहिला आहे. बीज ज्या अरुंद पट्टीवर ठेवलेले असते ती नायट्रोजनमधून काढून क्षणात ३७ अंशांच्या द्रावणात बुडवावी लागते. तिथे हात जरा रेंगाळला तरी बीज जाते. सुरुवातीला ते आक्रसलेले दिसते आणि मग पाण्यात टाकलेल्या मनुकेसारखे हळूहळू भरत जाऊन गोल होते. जे जगत नाही, ते काळवंडून तसेच पडून राहते. म्हणूनच गोठवणारा आणि वितळवणारा हात कोणाचा, यावर यश फार अवलंबून असते. आपल्या केंद्रात गेल्या वर्षी किती गोठवलेली दातृबीजे वितळवली आणि त्यांतली किती जगली, हे विचारायला संकोचू नका. सत्तर टक्के हा आकडा कशाचा, हेही त्यांना विचारा : रक्ताची चाचणी सकारात्मक आल्याचा, सोनोग्राफीत ठोके दिसल्याचा, की मूल हाती आल्याचा? या तीन आकड्यांत मोठे अंतर असते.

गोठवल्याने बीजाचे बाहेरचे कवच टणक होते, म्हणून इक्सी पद्धतीने एकेक शुक्राणू आत सोडावा लागतो. फलनानंतर पहिले तीन दिवस भ्रूण मुख्यतः बीजाच्या शिदोरीवर चालतो आणि पुढे वडिलांकडून आलेली जनुकेही कामाला लागतात. त्यामुळे दात्री तरुण असूनही तिसऱ्या दिवसानंतर भ्रूण अडखळू लागले, तर शुक्राणूंकडे पाहावे लागते. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात. यजमानांनी आज तंबाखू सोडली, तर त्याचा लाभ साधारण तीन महिन्यांनी दिसेल.

मात्र आपल्या बाबतीत माझा अधिक भर गर्भाशयावर राहील. क्षय औषधांनी बरा होतो, पण त्याने अस्तरावर पाडलेले व्रण राहू शकतात आणि आतल्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या असू शकतात. बीज कितीही उत्तम असले, तरी अशा जागी ते रुजणे कठीण जाते. म्हणून बँकेत पैसे भरण्यापूर्वी दुर्बिणीने गर्भाशयाची आतून तपासणी करून घ्यावी आणि चिकटलेला भाग असल्यास तो सोडवावा. क्षयाने बीजनलिका पाण्याने फुगल्या आहेत का, तेही पाहावे; ते पाणी गर्भाशयात झिरपत राहिले, तर रुजण्याची शक्यता जवळजवळ निम्म्यावर येते, आणि अशा वेळी नलिका आधी बंद करणे किंवा काढणे हिताचे ठरते. त्यानंतर भ्रूण न सोडता एक महिना केवळ इस्ट्रोजेन हे संप्रेरक देऊन अस्तर ७ मिलिमीटरच्या पुढे जाते का, याची रंगीत तालीम करावी.

इथेच गोठवलेल्या बीजांचा खरा फायदा आहे. ताज्या बीजांसाठी आपली पाळी आणि दात्रीची पाळी जुळवावी लागते आणि त्या दिवशी अस्तर तयार नसले तर धावपळ होते. गोठवलेली बीजे थांबू शकतात. कायद्याने ती दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात. आपल्याला घाई नाही, ही गोष्ट घरातही सर्वांना सांगा. भ्रूण एका वेळी एकच सोडावा, असा आग्रह धरा. दातृबीजाच्या गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचे प्रमाण जास्त असते आणि जुळ्यांमुळे ते आणखी वाढते.

प्रश्न : पुढच्या आठवड्यात माझ्या गर्भाशयात भ्रूण सोडणार आहेत, तोही दातृबीजाचाच. सासूबाई म्हणतात की पंधरा दिवस पलंगावरून उतरायचे नाही. यावर यश अवलंबून असते का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : नाही. पडून राहिल्याने भ्रूण अधिक रुजतो असे आढळलेले नाही. घरातली हलकी कामे करा, जिने चढा. जपायचे ते औषधांना. दातृबीजाच्या अशा उपचारात आपल्या अंडाशयातून प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवणारे संप्रेरक, येत नसते, ते केवळ गोळ्यांतून किंवा इंजेक्शनातून मिळते, आणि वार स्वतः ते पुरेसे तयार करू लागेपर्यंत, म्हणजे साधारण दहा-बारा आठवडे, ते चालू ठेवावे लागते. मध्येच रक्ताचा डाग दिसला, म्हणून सगळे संपले असे समजून कित्येक जणी स्वतःच गोळ्या थांबवतात. डाग दिसला तरी औषध चालू ठेवा, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि ठरलेल्या तारखेला रक्ताची चाचणी कराच.