तेल कुठे गेलं?

चि. लेखकमहाशयांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं बाड पोचलं. एका बैठकीत वाचून काढलं आणि मग पेन्सिल घेऊन पुन्हा पहिल्या पानापासून बसलो. युद्धपटांत उडालेल्या जुन्या विमानांच्या पडद्यामागच्या आठवणी जमवायच्या, हा तुझा बेत मला मनापासून आवडला. पण एक सांगू का? चाळीस पानांत तुझ्या विमानांना कुणाचा हातच लागलेला नाही. ती येतात, गर्जतात, सूर मारतात. नट चामडी जॅकेटं घालून पंखावर चढतात. सकाळी ती विमानं सुरू कुणी केली, रात्री त्यांच्याखाली गळणारं तेल झेलायचा ट्रे कुणी सरकवला, याचा पत्ताच नाही.

आता पान अकरा. ‘तोरा! तोरा! तोरा!’ (1970) मधल्या पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याबद्दल तू लिहिलं आहेस, ‘अस्सल जपानी झीरो विमानांचा थवा’. तिथे मी पेन्सिल जरा जोरातच दाबली. झीरो, म्हणजे जपानी नौदलाचं लढाऊ विमान, दहा हजारांहून जास्त बनली खरी, पण युद्ध हरल्यावर जपानची विमानं भंगारात गेली. 1968 साली सिनेमावाल्यांना हवा तेवढा थवा कुठे मिळणार? पडद्यावर दिसतं ते हार्वर्ड. अमेरिकन बनावटीचं, शिकाऊ वैमानिकांचं विमान. शेपूट बदललं, पंखांची टोकं गोल केली, रंग दिला, लाल वर्तुळं काढली. टॉर्पेडो टाकणारं जपानी विमान ‘केट’ करायला हार्वर्डच्या धडाला दुसऱ्या शिकाऊ विमानाची, बीटी-13 ची शेपूट जोडली. बुडी मारून बॉम्ब टाकणारी ‘व्हॅल’ त्याच बीटी-13 मधून घडवली.

हे मला कुठल्या पुस्तकात कळलं नाही. हवाई दलात मी इंजिन फिटर होतो आणि माझी पहिली वर्षं हार्वर्डखालीच गेली. सिनेमा पाहायला आम्ही चौघं गेलो होतो. पहिला ‘झीरो’ वळला तसा शेजारच्याने मला कोपर मारलं. पंखाची पुढची कड मागे झुकलेली, मागची जवळजवळ सरळ. झीरोचा पंख असा नसतो. आपल्या घरातलं माणूस दाढीमिशा लावून नाटकात उभं राहावं, तसं झालं. बाकीचं थिएटर श्वास रोखून बसलेलं आणि आम्ही चार फिटर हसतोय. (आवाजावरून मात्र ओळखायला जाऊ नकोस. हार्वर्डचा प्रोपेलर गिअरशिवाय थेट इंजिनावर फिरतो, उड्डाणाच्या वेळी पात्यांची टोकं ध्वनीच्या वेगाजवळ पोचतात, म्हणून ते असं किंचाळतं की एकदा ऐकलं की विसरत नाही. पण सिनेमात आवाज मागाहूनही चढवतात.)

तर तुझ्या कामाचं बोलतो. माणसाला पहिला प्रश्न कोणता विचारायचा, असं तू विचारलं आहेस. हवेतलं काही विचारू नकोस. सकाळचं विचार.

हार्वर्डच्या इंजिनाला नऊ सिलिंडर, गोलात मांडलेले. विमान रात्रभर उभं राहिलं की ऑइल निथळत निथळत खालच्या सिलिंडरांत उतरतं. तसंच स्टार्ट केलं तर पिस्टनला दाबायला हवेऐवजी तेल भेटतं, आणि तेल दबत नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी लगेच तुटतो, कधी वाकलेलाच फिरत राहतो आणि पुढे कधीतरी हवेत तुटतो. म्हणून सकाळचं पहिलं काम म्हणजे मॅग्नेटोचे (इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्राचे) स्विच बंद आहेत हे दोनदा पाहायचं आणि प्रोपेलर हाताने ओढून फिरवायचा. आमच्याकडे आठ पाती मोजायची रीत होती. दोन पात्यांचा प्रोपेलर, म्हणजे चार फेरे. थंडीत ते पातं तळहाताला असं चिकटायचं की सोडवून घ्यावं लागे.

नवा होतो तेव्हाची गोष्ट. एका सकाळी सहाव्या पात्याला प्रोपेलर अडला. गच्च. मी खांदा लावला, हलेना. मग मला शहाणपण सुचलं आणि मी तो उलटा फिरवला. अगदी लोण्यासारखा फिरला. मी हात झटकून पुढच्या विमानाकडे निघालो, तर मागून आमच्या सार्जंटांचा शांत आवाज आला, “तेल कुठे गेलं?”

मला उत्तर येईना. त्यांनी खालच्या सिलिंडरांचे प्लग उघडायला लावले, इनटेक पाइप (सिलिंडरात हवा-पेट्रोल नेणारा) सोडवायला लावला. पाइपातून ऑइल आलं, पाऊण मग. उलटा फिरवल्यामुळे तेल सिलिंडरातून मागे पाइपात जाऊन बसलं होतं. इंजिन सुरू होताच ते परत आत ओढलं गेलं असतं आणि रॉड वाकलाच असता. सार्जंट रागावले नाहीत. तो तेलाचा मग माझ्या हातात दिला आणि सकाळभर धरून उभं राहायला सांगितलं.

तुझ्या बाडात मला असे बरेच उलटे फिरवलेले प्रोपेलर दिसले. गोष्ट अडते तिथे तू ती हळूच मागे फिरवतोस आणि पुढे निघतोस.

उदाहरण घे. ‘तोरा’ मधला विमानतळावरच्या स्फोटांचा प्रसंग तू ‘थरारक नियोजनबद्ध दृश्य’ म्हणून दोन ओळींत उरकला आहेस. तिथे खऱ्या मापाची पी-40 या अमेरिकन लढाऊ विमानांची खोटी मॉडेलं उभी होती. त्यातलं एक रेडिओवर चालवत धावपट्टीवर पळवायचं होतं. ते ताब्यातून सुटलं आणि रांगेतल्या बाकीच्या मॉडेलांत घुसलं. पडद्यावर माणसं जिवाच्या आकांताने पळताना दिसतात ना, ती अभिनय करत नव्हती. ती फीत सिनेमात तशीच ठेवली. एका बी-17 या अमेरिकन बॉम्बफेकी विमानाचंही तसंच झालं. चित्रीकरणाच्या दिवसांत तिचं एक चाक उतरेना. वैमानिकाने एका चाकावर, पंख घासत उतरवली. कॅमेरे फिरत होते, तेही सिनेमात आलं. ‘नियोजनबद्ध’ हा शब्द खोड, आणि त्या दिवशी धावपट्टीच्या कडेला कोण उभं होतं ते शोध.

खोटेपणा दिसला म्हणून हिरमुसू नकोस. मला तर खरी मजा तिथेच वाटते. जपानी विमानवाहू ‘अकागी’ म्हणून दाखवलेलं जहाज अमेरिकेचं ‘यॉर्कटाउन’ होतं, जे याच जपानविरुद्ध पॅसिफिकमध्ये लढलं होतं. अकागीचा मनोरा डाव्या बाजूला होता, यॉर्कटाउनचा उजव्या. आणि 1968 च्या ज्या हिवाळ्यात त्याच्या डेकवरून खोटी झीरो उडाली, त्याच हिवाळ्यात, 27 डिसेंबरला, चंद्राला फेऱ्या मारून आलेल्या अपोलो 8 च्या अंतराळवीरांना त्याच जहाजाने समुद्रातून उचललं. त्या जहाजावरच्या एखाद्या खलाशाने महिन्याभरात काय काय पाहिलं असेल, विचार कर. असा माणूस मिळाला तर मला आधी फोन कर.

‘बॅटल ऑफ ब्रिटन’ (1969) वरचं तुझं प्रकरण सगळ्यांत भरलेलं आहे, पण त्यात इंजिन नाही. इंजिनाशिवाय ते प्रकरण लिहिताच येत नाही, कारण सगळी गंमत तिथेच आहे. जर्मन लढाऊ मेसरश्मिट म्हणून उडालेली विमानं स्पेनची, ‘बुचोन’. स्पेनने जर्मन आराखड्यावर विमानाचा सांगाडा बनवायला घेतला, पण युद्धाच्या धामधुमीत जर्मन इंजिनं मिळेनात. शेवटी पन्नासच्या दशकात त्यांत बसवलं ते ब्रिटिश रोल्स-रॉइसचं मर्लिन. म्हणजे ब्रिटिशांच्या लढाऊ स्पिटफायरचंच इंजिन. जर्मन हाइंकेल म्हणून आणलेल्या स्पॅनिश बॉम्बफेकी विमानांतही मर्लिनच. पडद्यावर इंग्रज आणि जर्मन एकमेकांच्या जिवावर उठलेत आणि दोन्हीकडच्या काऊलिंगखाली (इंजिनावरच्या झाकणाखाली) भाऊभाऊ धडधडताहेत. मेकॅनिकला सुट्या भागांची केवढी सोय झाली असेल! नीट बघ: जर्मन इंजिन उलटं बसायचं म्हणून खऱ्या मेसरश्मिटचे एक्झॉस्ट नाकाच्या खालच्या अंगाला असतात. बुचोनचे वर आहेत आणि हनुवटी फुगलेली. बुचोन म्हणजे छाती फुगवणारं कबूतर. सिनेमासाठी त्यांच्या पंखांची टोकं चौकोनी कापली, शेपटीला खोट्या आधारदांड्या लावल्या, पण नाक लपवता आलं नाही.

ही सगळी फौज जमवली ती हॅमिश महॅडी या ब्रिटिश हवाई दलाच्या निवृत्त ग्रुप कॅप्टनने. स्पिटफायर जमली सत्तावीसच्या आसपास, त्यात उडणारी बारा. हरिकेन, ब्रिटिशांचं दुसरं लढाऊ विमान, उडणारी फक्त तीन. बाकीची जमिनीवर चाकांवर पळवण्यापुरती किंवा मागे उभी करण्यापुरती. बरीचशी तर ब्रिटिश हवाई दलाच्या तळांवर फाटकाशी शोभेला उभी होती. त्यांच्या कथा लिही. नटांपेक्षा त्या मोठ्या आहेत.

एकच देतो, नमुना म्हणून. स्पिटफायर, क्रमांक पी7350. हे विमान ब्रिटनवरच्या 1940 च्या हवाई लढाईत खरोखर लढलं. ऑक्टोबरात एका मेसरश्मिटने त्याला टिपलं, पोलिश वैमानिकाने जखमी अवस्थेत ते कसंबसं उतरवलं. दुरुस्त झालं, पुन्हा उडालं. युद्ध संपल्यावर, 1948 साली, भंगारात विकलं गेलं, 25 पौंडांना. घेणाऱ्याने हे काय आहे ते ओळखलं आणि हवाई दलाच्या संग्रहालयाला परत दिलं. वीस वर्षांनी सिनेमासाठी ते पुन्हा उडण्याजोगं केलं, चित्रीकरण संपल्यावर हवाई दलाच्या, जुनी विमानं उडती ठेवणाऱ्या स्मृतिपथकाकडे गेलं आणि राहिलं. गोळ्यांच्या भोकांवर मारलेली ठिगळं त्याच्या पंखावर आहेत. सिनेमा नसता तर ते काचेमागेच बसलं असतं. आता तुला हवा तो माणूस कोण? 1968 मध्ये त्या ठिगळांवरून ज्याने पहिल्यांदा हात फिरवला, तो. तो हयात नसेल तर त्याचा शिकाऊ हेल्पर. आणि तोही नसेल तर त्याच्या मुलीने ऐकलेलं. पण ‘मुलीने ऐकलेलं’ असंच लिहायचं, त्याच्या तोंडी घालायचं नाही.

विमानं सिनेमानंतर कुठे गेली, हे प्रत्येकाला विचार. हार्वर्डमधून केलेली ती झीरो अमेरिकेत अजून हवाई प्रात्यक्षिकांत उडतात, 1972 पासून. तुझं बाड मात्र ‘कट’ म्हटल्यावर संपतं.

आता एक जड गोष्ट. जॉन जॉर्डनबद्दल तू ‘हवाई चित्रीकरणाचा जादूगार’ एवढंच लिहिलं आहेस. आधीच्या एका सिनेमाच्या वेळी हेलिकॉप्टरच्या पात्याने जखमी होऊन त्याचा पाय गेला होता. तरी तो पुन्हा उडत्या कॅमेऱ्यामागे बसला. बॅटल ऑफ ब्रिटनचं हवेतलं बरंचसं काम त्याचं. तिथलं कॅमेऱ्याचं विमान म्हणजे एक बी-25, जुनं अमेरिकन बॉम्बफेकी, आणि बाकीच्या वैमानिकांना लांबून नेमकं दिसावं म्हणून तिला असे भडक पट्टे रंगवले होते की लोक चेष्टा करायचे. पुढे मे 1969 मध्ये ‘कॅच-22’ या सिनेमाच्या वेळी मेक्सिकोच्या समुद्रावर तो अशाच एका बी-25 मधून खाली पडला. गेला. हे वाक्य लिहायला तुला संकोच वाटला असेल, मला कळतं. पण टाळलंस तर पाइपात तेल तसंच राहतं. रंगवू नकोस, रक्त नको, शेवटचे शब्द तर मुळीच नकोत. त्या विमानात आणखी माणसं होती. त्यांच्यापैकी कुणी आपणहून बोललं तर ऐक, नाही बोललं तर चहा पिऊन उठ.

बाकी बारीकसारीक. मुलाखतीला जाताना फोटो घेऊन जा, पण लगेच काढू नकोस. आधी त्यांच्या हातांकडे बघ. जुना फिटर बोलताना स्पॅनर फिरवल्यासारखं मनगट फिरवतो, आणि कुठल्या दिशेला फिरवतो ते लिहून ठेव. आकडे दोघांकडून आले तरच पक्के धर. तिसऱ्यांदा तीच गोष्ट त्याच शब्दांत आली तर ती आठवण नाही, पाठांतर आहे. तिथे थांबवून विचार, त्या दिवशी थंडी होती का, जेवायला काय होतं. आणि गोल इंजिनाच्या विमानावर काम केलंय असं सांगणाऱ्या प्रत्येकाला सहज विचार, “सकाळी किती पाती मोजायचात?” आकडा आठच यायला हवा असं नाही, प्रत्येक हँगरची रीत वेगळी. पण जो तिथे होता तो विचार न करता आकडा सांगेल. जो नव्हता तो तुला शौर्याबद्दल सांगायला लागेल.

दुसरा खर्डा दिवाळीच्या आत पाठव. डोळे साथ देताहेत तोवर पेन्सिल चालवीन.

तुझा,
काका

ता. क. पान तेवीस. ‘इंजिनाने एका झटक्यात पेट घेतला’ असं आहे. पेट घेतला म्हणजे आग लागली, आणि आग लागली की आम्ही वाळूच्या बादल्या घेऊन धावायचो. ‘इंजिनाने पकडलं’ असं कर.