पहिलीचा वर्ग आणि पावसाळ्यातला फ्लू

मॅडम, पावसाळ्यात पहिलीचा वर्ग हाती आलाय, तर आधी खिडक्या उघड्या ठेवा. झड आत येते म्हणून सगळ्या लावून घेतात आणि एक पोर खोकलं की आठवड्यात निम्मे बाक रिकामे. शिंक कोपरात घ्यायची, हे रोज करून दाखवा. नुसतं सांगून पोरं विसरतात. नळापाशी साबण आहे का, ते स्वतः बघा. बाटली, रुमाल ज्याचा त्याचा.

खरी डोकेदुखी पालकांची. सकाळी पॅरासिटामॉल पाजून पाठवतात, मधल्या सुट्टीत अंग पुन्हा तापतं. स्पष्ट सांगा: औषधाशिवाय २४ तास ताप नसेल तरच शाळा. आणि ते शंभर टक्के हजेरीचं बक्षीस? बंदच करा, त्यापायी आजारी मुलं येतात. धाप लागली तर घरच्यांना ताबडतोब बोलवा. लस मात्र दरवर्षी घ्यावी लागते, तुम्हीसुद्धा घ्या.