आर्क्टिकचा अभ्यास म्हणजे नेमकं कशाचा, आणि भारतातून तिथवर कसं पोहोचायचं?

तुम्ही भूशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहात, आर्क्टिकची जमीन, पर्यावरण आणि शाश्वतता यांत पुढे शिकायचंय, आणि घरचे विचारतात की "तिकडे बर्फाशिवाय आहे काय?" घरच्यांचा प्रश्न रास्त आहे. नॉर्वेत मास्टर्स करताना मी एक सत्र स्वालबार्डमध्ये (नॉर्वेच्या उत्तरेकडचा, आर्क्टिकमधला द्वीपसमूह), तिथल्या लाँगइयरब्येन गावच्या विद्यापीठ केंद्रात (सगळे त्याला 'युनिस' म्हणतात) होतो. त्या जोरावर सांगतो.

माझा विषय बर्फ नव्हताच, जमीन होती. सलग दोन वर्षं तरी शून्य अंशाच्या वर न गेलेल्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. उन्हाळ्यात तिचा वरचा थर तेवढा वितळतो, तो सक्रिय थर. तो दरवर्षी किती खोल जातो हे मोजायचं. लोखंडी सळई जमिनीत खुपसायची, टणक लागलं की खोली वहीत लिहायची, थोडं पुढे सरकायचं, पुन्हा खुपसायची. दिवसभर हेच. शिवाय बोअरमध्ये तापमापकांची माळ सोडलेली असते, तिच्या नोंदी उतरवून घ्यायच्या. या सगळ्या वेळात आपल्यातलाच एक जण रायफल घेऊन अस्वलांवर नजर ठेवून उभा. त्यासाठीचं सुरक्षा प्रशिक्षण झाल्याशिवाय फील्डवर पाऊल टाकू देत नाहीत. फोटोत दिसतं त्यापेक्षा काम बरंच कंटाळवाणं आहे, आणि मला ते आवडलं.

एवढा खटाटोप कशाला? उत्तरेकडच्या या गोठलेल्या जमिनीत सुमारे १,५०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन अडकलाय, म्हणजे आज वातावरणात आहे त्याच्या जवळपास दुप्पट. आणि १९७९ पासून आर्क्टिक बाकीच्या जगाच्या जवळपास चौपट वेगाने तापतंय. पण तिथं राहणाऱ्याला कार्बनआधी स्वतःच्या घराची काळजी असते. घरं खांबांवर उभी, सांडपाण्याचे पाइप जमिनीवरून नेलेले. जमीन वितळली की खांब खचतात. २९ मे २०२० ला रशियात नोरिल्स्कजवळ इंधनाची टाकी फुटली आणि सुमारे २१,००० टन डिझेल सांडलं. टाकीखालचा आधार खचला होता. लाँगइयरब्येनमध्येच डिसेंबर २०१५ मध्ये डोंगरावरून हिमकडा घरांवर कोसळला आणि दोघांचा जीव गेला. पुढच्याच वर्षी, जगभरातलं बियाणं गोठलेल्या डोंगरात जपून ठेवणाऱ्या तिथल्या जगप्रसिद्ध बियाणे कोठाराच्या बोगद्यात पाणी शिरलं. बियाणं वाचलं, पण 'इथली जमीन कायम गोठलेलीच राहील' हा भरवसा गेला. तेव्हा भू-अभियांत्रिकीची आवड असेल तर या क्षेत्रात काम भरपूर आहे.

आता 'शाश्वतता'. माहितीपत्रकात हा शब्द फार गुळगुळीत दिसतो. प्रत्यक्षात तो जमिनीवरून चाललेला तंटा आहे. स्वीडनमधल्या किरुनाजवळ दुर्मिळ खनिजांचा मोठा साठा असल्याचं एलकेएबी या खाणकंपनीने जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केलं. विजेच्या गाड्यांना, पवनचक्क्यांना ती खनिजं हवीतच. पण तिथूनच सामी लोकांचे (उत्तर युरोपातले मूळ रहिवासी) रेनडिअर हिवाळी कुरणांकडे जातात. नॉर्वेत फोसेनला पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की त्यामुळे सामी पशुपालकांच्या सांस्कृतिक हक्कांचा भंग झालाय. आता हरित ऊर्जेच्या बाजूने बोलायचं की कुरणांच्या? ज्या अभ्यासक्रमात हे येत नाही, रेनडिअर पाळणारा माणूस कुठेच भेटत नाही, तो माझ्या मते अर्धाच. (स्वालबार्डला मूळ रहिवासीच नाहीत, त्यामुळे युनिसमध्ये ही बाजू तुम्हाला बाहेरून मिळवावी लागेल. उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोचं विद्यापीठ त्यासाठी बरं.)

निसर्गाची आणि माणसांची, अशा दोन्ही बाजू एकत्र कशा येतात बघायचं असेल तर सायबेरियातलं यामाल घ्या. नोव्हेंबर २०१३ मध्ये बर्फावर पाऊस पडला, वरचं पाणी गोठून जाड कवच झालं, रेनडिअरना खालचा चारा खणून काढता येईना आणि सुमारे ६१,००० जनावरं उपाशी मेली. हवामानशास्त्र कुठे संपलं आणि तिथल्या रेनडिअर पाळणाऱ्या नेनेत्स कुटुंबांचं दिवाळं कुठे सुरू झालं, सांगता येत नाही.

भारतातून जायची वाट आपल्या शेजारूनच निघते. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. स्वालबार्डमधल्या न्यू-ओलेसुंडचं 'हिमाद्री' हे २००८ पासूनचं भारताचं संशोधन केंद्र तेच चालवतं, आणि देशातल्या संस्थांकडून आर्क्टिक मोहिमांसाठी प्रस्ताव मागवतं. एकट्या पदवीधराला तिथं घेत नाहीत. ज्यांचा प्रस्ताव मंजूर होतो अशा मार्गदर्शकाकडे पीएच.डी. किंवा प्रकल्प सहाय्यक म्हणून शिरायचं. याच केंद्राचं स्पितीत 'हिमांश' नावाचं ठाणं आहे. माझा सल्ला विचाराल तर आधी हिमालयात एखादा उन्हाळा हिमनद्यांवर काढा. थंडीत बोटं चालतात का, आठवडाभर त्याच सहा माणसांसोबत निभतं का, हे तिथंच कळतं आणि खर्चही कमी.

थेट नॉर्वेच म्हणत असाल, तर 'तिथं शिक्षण फुकट' सांगणारे जुने व्हिडिओ विसरा. २०२३ पासून तिथल्या सरकारी विद्यापीठांत युरोपबाहेरच्यांना फी आहे. युनिस स्वतः पदवी देत नाही, तिथले कोर्स तुमच्या मूळ विद्यापीठाच्या पदवीत धरले जातात, म्हणून विद्यापीठ आधी ठरवा. जीआयएस (संगणकावर नकाशे आणि त्यांवरची माहिती हाताळायचं तंत्र) आणि थोडं पायथन प्रोग्रॅमिंग आत्तापासून शिकायला घ्या. सळई खुपसणारे पुष्कळ मिळतात, त्या आकड्यांचं पुढे काही करणारे कमी.

व्हिसाची एक गंमत. १९२० च्या स्वालबार्ड करारामुळे तिथं राहायला व्हिसा लागत नाही, आणि त्या करारात भारतही आहे, ब्रिटिश काळापासून. पण विमान नॉर्वेतून जातं आणि स्वालबार्ड शेंगेनच्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या) बाहेर, त्यामुळे जाता-येता दोनदा प्रवेशाची मुभा असलेला शेंगेन व्हिसाच काढा.