हिब्रू अक्षरांचे पत्ते बनवताय? टॅरोचे तक्ते बाजूला ठेवा, अक्षराकडे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बावीस कोरे पत्ते कापून तयार आहेत, त्यांवर हिब्रू मुळाक्षरं काढायची आहेत. पण कुठल्या अक्षराला टॅरोचा कुठला पत्ता लावायचा याचे दोन तक्ते हाती लागले आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. त्यातला खरा कुठला, आणि पत्ते तयार झाल्यावर वाचायचे कसे?

तक्त्यांचं आधी उरकून टाकतो. टॅरो जन्मला पंधराव्या शतकात, उत्तर इटलीत, आणि तोही खेळायचे पत्ते म्हणून. हिब्रू अक्षरांशी त्याची सांगड पहिल्यांदा छापून आली १७८१ साली, फ्रान्समध्ये. पुढे एलिफास लेव्ही या फ्रेंच गूढविद्यावाल्यानं १८५०च्या दशकात आलेफला, म्हणजे पहिल्या अक्षराला, जादूगाराचा पत्ता दिला. १८८८ मध्ये इंग्लंडात स्थापन झालेल्या गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळानं त्याच आलेफला मूर्खाचा पत्ता दिला. इथे एक घर सरकलं की पुढची सगळी रांग सरकते. दोन्ही तक्ते शेजारी ठेवून बघा, बावीसपैकी फक्त ताव हे शेवटचं अक्षर दोन्हीकडे जगाच्या पत्त्यावर येतं, बाकी एकवीस वेगळी. म्हणून ‘खरा कुठला’ याला उत्तर नाही. दोन्ही बाहेरून लावलेले आहेत. टॅरो वाचायचा असेल तर सरळ टॅरोचा जोड घ्या, त्यात काहीच वाईट नाही. पण अक्षरांचे पत्ते बनवायचे असतील तर अक्षरांकडे स्वतःचं इतकं आहे की उसनं काही आणावं लागत नाही. आकार, नाव, किंमत (हिब्रूत प्रत्येक अक्षर हा एक आकडाही असतो), वर्णमालेतले शेजारी. या चारांतून सगळं वाचन निघतं.

पत्ते बनवण्याबद्दल मी जरा सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. इंटरनेटवरून अक्षरं उतरवून प्रिंट मारू नका, स्वतः काढा. आडवा काप दिलेला बोरू किंवा कट निब चालेल. हिब्रूच्या चौकोनी लिपीत आडव्या रेघा जाड आणि उभ्या बारीक असतात, म्हणजे निबेची धार जवळजवळ उभी धरावी लागते. लिहायचं उजवीकडून डावीकडे. मराठी हाताला एक गोष्ट लगेच जमते: ही अक्षरंही आपल्या शिरोरेषेसारखी वरच्या रेघेला लटकतात. तोराची, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाची, गुंडाळी लिहिणारा सोफेर, म्हणजे त्यांचा लेखनिक, चर्मपत्रावर आधी बिनशाईची रेघ दाबून घेतो आणि अक्षर तिच्याखाली सोडतो. त्या रेघेच्या वर डोकं काढणारं अक्षर एकच, लामेद. हे वाचतानाही लागेल, लक्षात ठेवा.

लामेदच्या या उंचीमुळे पत्ता ७० बाय १२० मिलिमीटरचा घ्या, खेळायच्या पत्त्याच्या मापात ते कोंबल्यासारखं दिसतं. कागद ३०० जीएसएमचा पुरतो. शाई पाण्यानं न फुटणारी हवी. पाठ कोरी किंवा दोन्ही बाजूंनी सारखी दिसेल अशी ठेवा. अक्षर मधोमध, आणि चारही बाजूंनी मोकळी जागा. सोफेरचा नियमच आहे की प्रत्येक अक्षराभोवती कोरं चर्मपत्र हवं. दोन अक्षरं नुसती टेकली तरी गुंडाळी वाचायला चालत नाही, आधी दुरुस्त करावी लागते. पत्त्यांना हा नियम लागू नाही, पण तो पाळला की अक्षर उठून दिसतं. वेलबुट्टी आणि अक्षरांच्या नावांवरून सुचणारे डोळे, बैल, उंट यांची चित्रं टाळा असं मी सगळ्यांना सांगतो. खाली बारीक देवनागरीत नाव आणि किंमत लिहिलीत की झालं.

आता जुळ्या अक्षरांकडे या, इथे घाई केलीत तर अख्खा जोड वाया जातो. बेत आणि काफ, ‘हे’ आणि खेत, वाव आणि झायिन, गिमेल आणि नून. सगळ्यांत अवघड जोडी दालेत आणि रेश. दालेतचा उजवा वरचा कोपरा टोकदार असतो, आडवी रेघ किंचित बाहेर येते. रेशचा तोच कोपरा गोल वळतो. बस, एवढाच फरक. पण ‘शमा’ या ज्यूंच्या मुख्य प्रार्थनेत देव एक आहे असं म्हणताना जो ‘एखाद’ शब्द येतो, त्याच्या शेवटी दालेत आहे. तिथे रेश वाचला गेला तर शब्द होतो ‘अखेर’, म्हणजे दुसरा. म्हणून तोरात त्या जागी दालेत मुद्दाम मोठा लिहितात, आणि ‘दुसऱ्या देवाला नमू नको’ या वाक्यात रेश मोठा लिहितात. हा कोपरा हाताला सापडेपर्यंत रद्दी कागदावर काढत राहा. एकदा सापडला की दालेतचा पत्ता हातात आल्यावर तुम्ही आधी कोपराच बघाल. वाचन सुरू होतं ते असं.

आलेफ काढताना मधली तिरकी रेघ म्हणजे वाव, आणि वरखाली दोन योद, असं मनात धरा. वावची किंमत ६, योदची १०. बेरीज २६, आणि देवाच्या चार अक्षरी नावाची बेरीजही तीच. ते नाव पत्त्यावर, डबीवर, कुठेच लिहू नका. ज्यू लोक ते नाव लिहिलेला कागद फेकत नाहीत, जपून वेगळा ठेवतात आणि नंतर पुरतात. त्या नावात ‘हे’ हे अक्षर दोनदा येतं आणि बावीस पत्त्यांच्या जोडात ते एकच असल्यामुळे ते नाव मांडणीत आपसूक पडू शकत नाही, ही मला नेहमी बरी वाटणारी गोष्ट आहे. अनुक्रमांक हिब्रू आकड्यांत घालणार असाल तर १५ आणि १६ सांभाळा. हिशेबानं १०+५ आणि १०+६ होतात, पण त्यातून त्या नावाचेच तुकडे बनतात, म्हणून सगळीकडे ९+६ आणि ९+७ असं लिहितात.

पाच अक्षरांना शब्दाच्या शेवटी वेगळं रूप येतं: काफ, मेम, नून, पे, त्सादी. काही जण त्यांचे वेगळे पत्ते करून सत्तावीसचा जोड बनवतात. मी बावीसच ठेवतो आणि शेवटचं रूप त्याच पत्त्याच्या कोपऱ्यात लहान काढतो.

वाचनाचा पाया ‘सेफेर येत्सिरा’ या छोट्याशा जुन्या ग्रंथात आहे. त्यात बावीस अक्षरांचे तीन गट केलेत. आलेफ, मेम, शिन या तीन माता: वायू, पाणी, अग्नी. बारा साधी अक्षरं बारा राशींची, ‘हे’ म्हणजे मेष इथून सुरू होऊन कोफ म्हणजे मीन इथे संपणारी. आणि सात दुहेरी अक्षरं: बेत, गिमेल, दालेत, काफ, पे, रेश, ताव. या सातांना ग्रंथात जोड्या दिल्यात: जीवन-मृत्यू, शांती-युद्ध, शहाणपण-मूर्खपणा, श्रीमंती-गरिबी, बीज-ओसाडी, सौंदर्य-कुरूपता, सत्ता-गुलामी. कुठली जोडी कुठल्या अक्षराला, यात ग्रंथाच्या प्रतींमध्ये फरक आहे. एक प्रत धरा आणि तीच चालवा.

यावरून माझा एक नियम ठरला आहे. उलटा पडलेला पत्ता फक्त या सातांचाच उलटा वाचायचा. बाकी पंधरा कसेही पडले तरी सरळ करून घ्यायचे. टॅरोच्या सवयीनं प्रत्येक पत्त्याला उलटा अर्थ शोधायला गेलात तर ओढाताण होते. आलेफ उलटा म्हणजे काय? वायू उलटा होत नाही.

दुसरा आधार शेजाऱ्यांचा. तालमूद या ज्यूंच्या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथात, त्याच्या शब्बाथ भागात, एक प्रसंग आहे. लहान मुलं अभ्यासघरात येऊन अक्षरांचे अर्थ सांगतात. गिमेल म्हणजे देणारा, दालेत म्हणजे गरीब. गिमेलचा पाय दालेतकडे का झुकलाय? कारण देणाऱ्यानं गरिबामागे धावायचं असतं. मग दालेतनं तोंड का फिरवलंय? घेणाऱ्याला लाज वाटू नये, दान गुपचूप व्हावं म्हणून. याच ठिकाणी पुढे येतं की ‘शेकेर’, म्हणजे खोटं, याची तिन्ही अक्षरं वर्णमालेत एकमेकांना चिकटून आहेत, आणि ‘एमेत’, म्हणजे सत्य, याची पहिलं, मधलं आणि शेवटचं अशी लांबलांब पसरलेली. मला विचाराल तर अक्षर वाचण्याचं याहून चांगलं शिक्षण नाही. पत्ता आला की त्याच्या आधी कोण, नंतर कोण, आणि ते शेजारी मांडणीत आलेत का, हे बघा.

मांडणी उजवीकडून डावीकडेच करा, कारण क्रम बदलला की शब्द बदलतो. सेफेर येत्सिरातच याचं उदाहरण आहे: आयिन-नून-गिमेल म्हणजे ‘ओनेग’, आनंद, त्याहून वर काही नाही. हीच अक्षरं नून-गिमेल-आयिन अशी लागली की ‘नेगा’, पीडा, त्याहून खाली काही नाही. नवख्यांनी दोन पत्त्यांपासून सुरुवात करावी. बावीस अक्षरांच्या जोड्या होतात २३१, ग्रंथ त्यांना दारं म्हणतो. रोज एक दार उघडा आणि वहीत दोन ओळी लिहा. तीन पत्त्यांवर नंतर या. हिब्रूतले बहुतेक धातू तीन व्यंजनांचे असल्यामुळे तीन पत्त्यांतून कधी कधी खरा शब्द पडतो. शब्दकोश जवळ ठेवा, पण रोज शब्द सापडेल अशी आशा धरू नका.

एक वाचन उलगडून दाखवतो. एका मैत्रिणीनं विचारलं होतं, भावाबरोबरच्या दुकानातून बाहेर पडावं का. उजवीकडून पडले रेश, लामेद, नून. रेश सरळ. माझ्या प्रतीत रेशला शांती-युद्ध आहे, म्हणजे उजवीकडे, घडून गेलेल्या भागात, भांडण नाही, शांती आहे. रेश म्हणजे डोकंसुद्धा, तेव्हा विचारलं की दुकानाचं डोकं कोण चालवतं. ती म्हणाली, सगळं मीच बघते, म्हणून तर भांडण होत नाही. मधे लामेद, रेघेबाहेर डोकं काढणारं एकमेव अक्षर. नावाचा संबंध शिकण्याशी, आकार बैलाला टोचायच्या काठीचा. तिला पुढे शिकायचं होतं आणि ती ते कुणाला बोलली नव्हती. डावीकडे नून.

नूनवर मी थांबलो. १४५वं स्तोत्र वर्णानुक्रमानं रचलेलं आहे, पण प्रचलित हिब्रू पाठात त्यात नूनची ओळ नाही. तालमूद म्हणतं, नूनपासून पडण्याचा शब्द सुरू होतो म्हणून ती गाळली, आणि लगेच पुढची सामेखची ओळ म्हणते की देव सगळ्या पडणाऱ्यांना सावरतो. सामेख म्हणजेच आधार. मांडणीत नून होता, त्याचा शेजारी सामेख नव्हता. तेव्हा मी ‘बाहेर पड’ किंवा ‘पडू नको’ यातलं काहीच सांगितलं नाही. विचारलं, तू बाहेर पडलीस तर तुला धरणारं कोण आहे, आणि दुकानाला धरणारं कोण? यावर आम्ही बराच वेळ बोललो. किमतींची बेरीज २००+३०+५०, म्हणजे २८०, आणि शब्दाच्या शेवटी रूप बदलणाऱ्या त्या पाच अक्षरांची बेरीजही २८० होते. शेवटाचा विषय होता, शेवटाची अक्षरं आली. बेरीज मी नेहमी सगळ्यात शेवटी बघतो. आधी बघितली की माणूस तिच्यातच अडकतो, कारण आकड्यात शोधलं की काही ना काही सापडतंच.

एकाच पत्त्यासाठी ११९वं स्तोत्र वापरा. त्यात बावीस कडवी, प्रत्येकी आठ ओळी, एकूण १७६. प्रत्येक कडव्याच्या आठही ओळी मूळ हिब्रूत एकाच अक्षरानं सुरू होतात. मराठी बायबलात अक्षर दिसणार नाही, पण मोजता येतं: १ ते ८ आलेफ, ९ ते १६ बेत. नून येतो १०५ पासून, आणि ती ओळ पावलांपुढच्या दिव्याची आहे. पडण्याचं अक्षर आणि दिव्याचं अक्षर एकच, हे नून हाती आल्यावर आठवा.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हे पत्ते ज्यू धर्माचा भाग नाहीत. बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात शकुन आणि भविष्य बघण्याला साफ मनाई आहे आणि पाळणारे लोक ती गांभीर्यानं पाळतात. त्यांच्यात चिठ्ठीसारखा एक प्रकार आहे, ‘गोराल हाग्रा’, पण तो फार क्वचित आणि फार जड प्रसंगी. इस्राएलच्या १९४८च्या युद्धात मारल्या गेलेल्या पस्तीस जणांच्या तुकडीतल्या बारा मृतदेहांची ओळख पटेना, तेव्हा जेरुसलेमचे रब्बी आर्ये लेव्हिन यांनी तो वापरला होता. त्या पस्तिसांना आजही ‘लामेद-हे’ म्हणतात, ३० आणि ५. तेव्हा तुमच्या पत्त्यांना ‘प्राचीन ज्यू भविष्य’ असं नाव देऊ नका, आणि विकणार असाल तर मुळीच नाही. आपल्याकडे ही लिपी परकी नाही. बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडचे ज्यू, यांची मातृभाषा मराठी, आणि १८७४ साली पुण्यात हिब्रू-मराठी हगादा, म्हणजे वल्हांडण सणाला वाचायची पोथी, छापला गेला. ज्यांच्या प्रार्थनेची ही अक्षरं आहेत ती माणसं अलिबाग, पुणे, ठाण्यात आपल्या शेजारी राहत आली आहेत. तेवढा मान ठेवून काढा. आणि आजारपण, कोर्टकचेरी, कर्ज यांचे प्रश्न पत्त्यांना विचारू नका, कुणाचे आले तर डॉक्टर, वकिलाकडे पाठवा.

सुरुवात आलेफपासून करायची गरज नाही. आधी दालेत आणि रेश काढा, शेजारी ठेवून फोटो टाका. कोपरा बरोबर आलाय का ते बघून सांगतो, मग बाकीचे वीस घ्या.