बंद झालेल्या बिस्किटाच्या जागी काय वापरावे?

प्रश्न : माझी आत्या अनेक वर्षे अमेरिकेत राहत होती. तिच्या पाककृतींच्या वहीत ‘आइसबॉक्स केक’ आहे. साहित्य एवढेच लिहिले आहे : नॅबिस्को फेमस चॉकलेट वेफर्स एक पाकीट, फेटण्याचे क्रीम दोन कप, व्हॅनिला एक चमचा. बिस्किटांना क्रीम लावून ती एकमेकांना चिकटवायची, वरून क्रीम लावायचे आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचे. ही बिस्किटे आता मिळत नाहीत, म्हणून मी मध्ये पांढरे क्रीम असलेली चॉकलेट बिस्किटे वापरून केक केला. तो फार गोड झाला आणि बिस्किटे आतून कडक राहिली. त्याऐवजी कोणते बिस्किट घ्यावे? आणि ‘एक पाकीट’ म्हणजे नेमके किती?

उत्तर : ही बिस्किटे 1924 मध्ये बाजारात आली आणि 2023 मध्ये कंपनीने त्यांचे उत्पादन थांबवले. या केकची कृती पाकिटावरच छापलेली असे, त्यामुळे आपल्या आत्यांनी ती तेथूनच उतरवून घेतली असण्याचा संभव आहे. पाकीट 9 औंसांचे, म्हणजे सुमारे 255 ग्रॅमचे असे. हा आकडा सर्वांत आधी वहीत ‘एक पाकीट’ या शब्दांशेजारी लिहून ठेवावा. वस्तू बंद झाली की तिच्याबरोबर तिचे माप हरवते, आणि पुढे ती पाककृती वाचणाऱ्याला चवीच्या फरकापेक्षा मापाच्या अंदाजाचाच त्रास अधिक होतो.

पर्याय शोधताना आपण साहजिकच चवीने आणि रंगाने जवळचे बिस्किट निवडले. मात्र या केकमध्ये बिस्किटाला एक विशिष्ट काम करायचे असते आणि ते काम चवीच्या आधी येते. मूळ बिस्किट पातळ, अतिशय कोरडे, माफक गोड आणि गडद कोकोचे होते. (नावात वेफर्स असले तरी ते साधे गोल, कुरकुरीत बिस्किट होते, थरांचे वेफर नव्हे.) फेटलेल्या क्रीममधले पाणी रात्रभरात या कोरड्या बिस्किटात मुरते, बिस्किट सादळून केकसारखे मऊ होते आणि पाणी कमी झाल्याने क्रीम घट्ट होते. एरवी डब्यातले बिस्किट सादळले की आपण हळहळतो, येथे मात्र ते पूर्णपणे आणि सर्व बाजूंनी सारखे सादळावे यावरच सगळा पदार्थ उभा आहे.

आपल्या केकचे काय झाले असावे, ते आता स्पष्ट होईल. मध्ये क्रीम असलेल्या बिस्किटातले ते पांढरे क्रीम म्हणजे मुख्यतः साखर आणि घट्ट स्निग्ध पदार्थ. त्या थरातून पाणी सहजी आत जात नाही, त्यामुळे प्रत्येक बिस्किटाची एक बाजू झाकलेलीच राहिली. शिवाय ही बिस्किटे जाड असतात आणि त्या थरातली सगळी साखर केकमध्ये उतरते. चॉकलेटचे आवरण असलेले बिस्किट घेतले असते तर याहून वाईट झाले असते, कारण चॉकलेटच्या आवरणातून क्रीमचे पाणी आत पोहोचतच नाही.

तयार बिस्किटांतून निवडायचे असेल, तर आतले क्रीम सुरीच्या बोथट कडेने पूर्ण खरवडून काढलेली चॉकलेट बिस्किटे हा जवळचा पर्याय आहे. त्यांचा रंग आणि कोकोचा कडवटपणा मूळ बिस्किटाशी जुळतो. ती जाड असल्याने केक किमान बारा तास, शक्यतो पूर्ण दिवस, फ्रिजमध्ये ठेवावा. 255 ग्रॅम हे वजन आतले क्रीम काढल्यानंतरचे धरावे. गव्हाच्या पिठाची चॉकलेट बिस्किटे लवकर मऊ होतात, पण त्यांचा कणीदार पोत केकमध्ये जाणवतो आणि कोकोची चव फिकी पडते. मला हा पर्याय थंड केकपेक्षा चुरा करून वापरण्यासाठी अधिक योग्य वाटतो.

तरीही माझा सल्ला विचाराल, तर या पाककृतीसाठी बिस्किटे घरी करावीत. जिथे साहित्य अवघे तीन जिनसांचे आहे आणि त्यातला एक जिन्नस नाहीसा झाला आहे, तिथे त्या एका जिनसावर तासभर खर्च करणे सार्थ आहे. मैदा 150 ग्रॅम, कोको 50 ग्रॅम, पिठीसाखर 130 ग्रॅम, पाव चमचा खाण्याचा सोडा आणि पाव चमचा मीठ एकत्र चाळून घ्यावे. त्यात 110 ग्रॅम थंड, बिनमिठाच्या बटरचे तुकडे बोटांनी चोळून घालावेत आणि मिश्रण रव्यासारखे झाले की दोन ते तीन मोठे चमचे दूध व थोडा व्हॅनिला घालून गोळा जेमतेम एकत्र आणावा. मळू नये, कारण मळल्याने मैद्याला चिवटपणा येतो. गोळ्याची सुमारे पाच सेंटिमीटर व्यासाची वळी करून कागदात गुंडाळावी आणि फ्रिजमध्ये दोन तास घट्ट होऊ द्यावी. नंतर धारदार सुरीने तीन मिलिमीटर जाडीच्या चकत्या कापाव्यात. प्रत्येक काप घेताना वळी थोडी फिरवत गेल्यास ती एका बाजूने चपटी होत नाही. ओव्हन 175 अंश सेल्सियसला तापवून चकत्या बारा ते चौदा मिनिटे भाजाव्यात.

कोको कोणता घ्यावा, यावर रंग ठरतो. अल्कलीची प्रक्रिया केलेला कोको, ज्याच्या डब्यावर बहुधा ‘डच प्रोसेस’ असे लिहिलेले असते, अधिक गडद आणि कमी आंबट असतो. मूळ बिस्किटाचा काळसर रंग आणि सौम्य कडवटपणा त्यानेच साधतो. साध्या कोकोने केक बिघडणार नाही, मात्र रंग तपकिरी राहील.

गडद बिस्किट भाजताना एक अडचण येते, ती म्हणजे रंगावरून ते भाजले गेले की नाही हे कळत नाही. म्हणून पहिल्या खेपेला एकच बिस्किट बाहेर काढून पूर्ण गार होऊ द्यावे आणि मोडून पाहावे. ते खटकन तुटले तर वेळ बरोबर आहे. वाकून मग तुटले किंवा मध्यभागी ओलसर दिसले, तर सगळी बिस्किटे आणखी दोन-तीन मिनिटे ओव्हनमध्ये ठेवावीत. कोको करपला की बिस्किट कडू होते, त्यामुळे शेवटच्या मिनिटांत वासाकडे लक्ष असू द्यावे. वरील प्रमाणात 255 ग्रॅमहून अधिक बिस्किटे होतात. उरलेली हवाबंद डब्यात ठेवावीत. दोन-तीन दिवस आधी बिस्किटे करून ठेवली तरी चालते, फक्त केक रचण्याच्या वेळी ती कुरकुरीत असली पाहिजेत.

क्रीमबद्दलही एक खुलासा आवश्यक आहे. अमेरिकेतील ‘हेवी क्रीम’मध्ये किमान 36 टक्के स्निग्धांश असतो. आपल्या हाती आलेल्या क्रीमच्या वेष्टनावर 25 टक्के लिहिलेले असेल, तर ते फेटून उभे राहणार नाही आणि बिस्किट कितीही अचूक असले तरी केक कापताना ढासळेल. वनस्पती तेलापासून केलेले फेटण्याचे क्रीम बहुधा आधीच गोड असते. ते वापरल्यास वेगळी साखर मुळीच घालू नये. रात्रभर ठेवल्यानंतर मध्यभागी विणकामाची सुई किंवा टूथपिक टोचून पाहावी, ती बिस्किटांतून विनासायास गेली की केक तयार आहे. बिस्किटे उभी लावून लांबट केक केला असेल, तर तो तिरपा, साधारण 45 अंशांत कापावा, म्हणजे प्रत्येक कापात काळे-पांढरे पट्टे दिसतात.

प्रश्न : एका जुन्या अमेरिकन चीजकेकच्या पाककृतीत तळाच्या थरासाठी ‘झ्वीबाकचा चुरा 6 औंस, वितळलेले बटर अर्धा कप, साखर पाव कप’ असे दिले आहे. झ्वीबाक मिळाले नाही म्हणून मी तेवढ्याच वजनाचा डायजेस्टिव्ह बिस्किटांचा चुरा घेतला. थर तेलकट झाला आणि साच्यातून बटर गळले. माप चुकीचे छापले गेले असेल का?

उत्तर : माप बरोबर आहे. झ्वीबाक म्हणजे किंचित गोड पाव एकदा भाजून, त्याचे काप करून ते पुन्हा भाजून कोरडे केलेले. त्यात स्निग्धांश कमी असतो, म्हणून त्याचा चुरा पुष्कळ बटर शोषून घेतो. डायजेस्टिव्ह बिस्किटात मात्र दर 100 ग्रॅममागे 20 ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश आणि बरीच साखर आधीच असते. आपल्या 170 ग्रॅम चुऱ्यात सुमारे 34 ग्रॅम स्निग्धांश होता आणि त्यावर अर्धा कप, म्हणजे सुमारे 113 ग्रॅम, बटर पडले. भट्टीच्या उष्णतेत ते बाहेर येणारच होते.

सर्वांत सरळ पर्याय म्हणजे साधे, वेलची किंवा बडीशेप नसलेले रस्क किंवा गोडसर टोस्ट. त्यांचा चुरा घेतल्यास मूळ मापात काहीच बदल करावा लागत नाही. चुरा मात्र बारीक करून चाळून घ्यावा, कारण रस्कचे जाडसर कण बटर आत घेत नाहीत आणि थर कापताना सुटतो.

डायजेस्टिव्ह बिस्किटांची चव आपल्याला आवडली असेल, तर तीही वापरता येतील. तेव्हा बटर 80 ग्रॅमपर्यंत आणि साखर निम्मी करावी. पूर्ण बटर एकदम ओतू नये. आधी 65 ते 70 ग्रॅम घालून चुरा मुठीत दाबून पाहावा. मूठ उघडल्यावर मुटका टिकला पाहिजे आणि बोटाने ढकलल्यावर भुगा झाला पाहिजे. मुटका बनतच नसेल, तर बटर कमी आहे. तळहात तुपकट झाला, तर ते जास्त आहे आणि थोडा कोरडा चुरा मिसळावा लागेल. मुठीची ही परीक्षा मला वजनाच्या आकड्यांपेक्षा भरवशाची वाटते, कारण एकाच प्रकारच्या बिस्किटात कंपनीगणिक स्निग्धांश बदलतो. वेष्टनावरचा पोषणतक्ता वाचण्याची सवय अशा वेळी फार उपयोगी पडते. जुने आणि नवे बिस्किट यांच्या स्निग्धांशात जेवढा फरक, साधारण तेवढाच बदल बटरमध्ये करावा.

ज्या पाककृतीत चुऱ्याचे वजन न देता केवळ ‘एक पाकीट’ लिहिले असेल आणि पाकिटाचे वजन कोठेच सापडत नसेल, तिथे साच्यावरून मागे जाता येते. 23 सेंटिमीटर व्यासाच्या गोल साच्याच्या तळाला साधारण 150 ग्रॅम चुरा पुरतो. कडाही झाकायच्या असतील तर त्याहून बराच अधिक लागतो. पाककृतीतल्या बटरचे प्रमाणही साक्ष देते, कारण साध्या बिस्किटांच्या चुऱ्याला त्याच्या वजनाच्या निम्म्याच्या जवळपास बटर लागते.

प्रश्न : भाज्यांच्या भाजलेल्या पदार्थावर आम्ही चीजच्या चवीच्या एका खाऱ्या बिस्किटाचा चुरा पसरत असू. ते बिस्किट बंद झाले. त्याऐवजी चीजचे फुगीर मक्याचे गोळे चालतील का? जुन्या साठ्यातली पाकिटे इंटरनेटवर विकली जातात, ती घ्यावीत का?

उत्तर : जुनी पाकिटे घेऊ नयेत. मुदत उलटलेल्या बिस्किटांतला स्निग्धांश खवट होतो आणि भाजल्यावर तो खवटपणा आणखी जाणवतो. तो पदार्थ पुन्हा पहिल्यासारखा व्हावा, ही आपली इच्छा मी समजू शकते, पण त्या पाकिटांतून ती चव मिळणार नाही.

फुगीर गोळ्यांत हवाच अधिक असते. कपाने मापले तर वजनाला ते बिस्किटांच्या कितीतरी कमी भरतात, आणि ओल्या रस्सेदार थरावर पडताच विरघळून त्यांचा चिकट पापुद्रा होतो. वापरायचेच असतील तर वजनाने घ्यावेत आणि भाजण्याची शेवटची आठ-दहा मिनिटे उरली असताना पसरावेत. त्यापेक्षा 100 ग्रॅम साध्या खाऱ्या बिस्किटांच्या जाडसर चुऱ्यात 30 ग्रॅम बारीक किसलेले, कोरडे, कडक चीज, चिमूटभर मोहरीची पूड आणि थोडी गोडसर लाल मिरचीची पूड मिसळावी. चीजच्या बिस्किटाचा केशरी रंग आणि हलका झणका यातून येतो. मऊ, पटकन वितळणारे चीज येथे नको, त्याने चुरा कुरकुरीत राहत नाही. चीज आणि बिस्किटे दोन्ही खारट असल्याने खालच्या भाज्यांतले मीठ बेताने घालावे, आणि सॉस तयार झाल्यावर तो चुऱ्यासह चाखून मगच मिठाचे ठरवावे.

काही पदार्थ परतही येतात. प्लँटर्सचे ‘चीझ बॉल्स’ 2006 मध्ये बंद झाले होते, ते 2018 मध्ये पुन्हा विक्रीला आले. आपले बिस्किट असे कधी परत आले, तर आधी त्याच्या वेष्टनावरचे घटक आणि वजन वाचावे आणि निम्म्या प्रमाणात पदार्थ करून पाहावा. परत आलेल्या वस्तूचे नाव तेच असले तरी मीठ, तेल आणि पाकिटाचे वजन तेच असेल असे धरून चालता येत नाही.